मंदीचा राऊटर

मंगळवार, संध्याकाळ

पिंके, आजीचं लिही. उद्या घरच्यांले वाचून दाखवताना चष्मा हरवला म्हणू नको, तो तुह्या डोक्यावरच राहते.

माही लेक मंदी दुर्ग शहराहून राऊटर घेऊन आली. मले वाटलं, नेटचा डब्बा. तर हा लाकूड कोरते. ह्यांच्या पलंगाचा पाय मोडला, पोरगा पलंगच भंगारात देऊन राहिला होता. पाय जोडाले सागाचा तुकडा एकच उरला. खाच चुकली असती तर पलंग गेलाच. मंदीनं आधी रद्दी लाकडावर कापून पाहिलं. सैल. पुन्हा कापलं. मग सागावर. सांध्यात माहं नखही जाईना.

म्हणलं, "तुहे बाबा असते तर..."

"काय म्हणले असते?"

"काही नाही, झोपले असते."

आता पडल्या पडल्या पुन्हा बोट फिरवलं. सांधा सापडतच नाही. उद्या मंदी परत जाईन, तिच्यासंगं पाटोड्या पाठवजा, रस्साही द्या. तो तिले अजून जमत नाही.