बिनचिऱ्याचा दात

१२ जानेवारी
दाढ काढून बरेच दिवस झाले. आज ठरवलं. नवा दात बसवाचा, इम्प्लांट करायचंच. बायको कौशल्या म्हणते, लवकर करा, डॉक्टरनं सांगितलं का जबड्याचं हाड झिजते. हाड काय पळून जाते?

२० जानेवारी
अकोला. धम्मदीप डॉक्टर. हिरडी चिरून उघडतो म्हणे, हाड डोळ्यानं पाहतो, स्क्रू बसवतो, टाके घालतो. चित्रही काढून दाखवलं. चित्र चांगलं होतं. मले घाम फुटला. एसी बंद असन. कौशल्या म्हणते, सुरू होता. घाई बरी नाही, बिनचिऱ्याची पद्धतही असते म्हणे, दोन्ही तोलून पाहीन. आपलं मूर्तिजापूर मधातच आहे, अमरावतीलेही विचारू.

४ फेब्रुवारी
अमरावती. डॉक्टर नीलम मॅडम. वा! चिरा नाही, टाका नाही, सूज कमी. मात्र उघडून पाहता येत नाही, म्हणून हाड भरपूर पाहिजे. स्कॅन पाहून म्हणाल्या, सध्या आहे. जाता जाता म्हणाल्या, पंच लागेल. मी हो म्हटलं. तारीख घेतली.

त्याच दिवशी, रात्री
पंच! जिंदगी तलाठी म्हणून गेली माही. पंच कधी लागते? गारपीट झाली, वीज पडली, कोणी विहिरीत गेलं तवा. म्हणजे माह्या पंचनाम्याची तयारी आधीच! काहून बावा? भेलो नाही. पंचनाम्याचा जुना नमुना काढून दोनदा वाचला फक्त.

९ फेब्रुवारी
पंच निःपक्ष पाहिजेत, नातेवाईक चालत नाहीत. शेजारच्या पुंजाजीले विचारलं. त्याचा हरभरा काढणीले आला. तारीख पुढं ढकलली. कौशल्येले कारण सांगितलं नाही. बाया उगाच घाबरतात.

२२ मार्च
पुंजाजी मोकळा झाला, तर दुसरा पंच शेषराव बाळापूरले लग्नात. एका पंचानं कसं भागन? तारीख पुढं.

३ मे
उन्हाळ्यात जखम चिघळते, असं ऐकलं. कोणाकडून, आठवत नाही.

१६ जून
दोन्ही पंच धुतलेल्या कपड्यात, आधार कार्डासकट हजर. मॅडमले म्हटलं, हे पंच. त्यांना समजेना. मग त्यांनी ट्रेमधून बारीक नळी काढून दाखवली. हिरडीले गोल भोक पाडाचं इंग्रजी हत्यार, त्याचं नाव पंच. पुंजाजी खुर्चीवरून पडता पडता वाचला. मीही हसलो. मले माहीतच होतं, खात्री करून घेत होतो.

मग नवीन स्कॅन. मॅडम हसत नव्हत्या. हाड झिजलं. बिनचिऱ्याचं आता जमत नाही. चिरा, टाके, वरून हाडाची भर.

१७ जून
अकोल्याची तारीख घेतली. लय भेव वाटून राहिलं. कौशल्येले म्हटलं, तू संगं चाल, माह्यानं एकट्यानं होत नाही. ती म्हणे, हे जानेवारीतच बोलले असते, तर हाड राहिलं असतं.