ठरावाला अनुमोदन

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज इथं अमेरिकेत, एडिसनमधल्या माझ्या स्वयंपाकघरात बसून तुम्हाला लिहितेय, ते काही आठवण दाटून आली म्हणून नाही. राग आलाय म्हणून. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी मला उद्याच्या सर्वसाधारण सभेत एका ठरावाची अनुमोदक व्हायला सांगितलंय. ठराव असा की, अध्यक्षाची निवडणूक दर वर्षी होते तशी होतच राहील, कार्यकारिणी बसेल, मतं घेतली जातील, फक्त हे गृहस्थ मंडळाचे कायमचे 'मार्गदर्शक' होतील आणि त्यांच्या संमतीशिवाय कुणाला काहीही करता येणार नाही. अध्यक्षपद त्यांना नकोच आहे म्हणे. पदाचा मोह नाही हो त्यांना.

हा माणूस तुम्ही मला नागपूरच्या घरात, दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभं राहून शिकवलेला आहे. मी मेथी निवडतेय आणि तुम्ही एक डोळा पातेल्यावर ठेवून सांगताय की, रोमचा पहिला सम्राट झाला तरी ऑगस्टसनं राजा ही पदवी कधीच घेतली नाही, तो इतका मूर्ख नव्हता. राजा व्हायचंय या नुसत्या संशयावरून त्याच्या दत्तक बापाला, सीझरला, भर सभेत भोसकलं होतं. म्हणून यानं सगळे अधिकार सिनेटला परत केले. सिनेटर गयावया करायला लागले, असं करू नका. मग नाइलाज झाल्यासारखं तोंड करून त्यानं सैन्य तेवढं स्वतःकडे ठेवलं. सिनेट भरतच राहिलं, दर वर्षी कॉन्सल, म्हणजे त्यांचे अध्यक्षच, निवडून येतच राहिले. "प्रजासत्ताक कुणी मारलं नाही गं," तुम्ही म्हणालात, "त्या लोकांनी ते स्वतःच्या हातानं ओवाळून टाकलं." सिनेटर हा शब्द तर तुम्ही असा उच्चारत होतात, जसं काही चपलेला शेण लागलंय.

आमच्या गृहस्थांनीही गेल्या वर्षी राजीनामा दिला. गणपतीच्या आरतीनंतर, हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून. शाळेच्या हॉलचं बुकिंग, सभासदांची यादी आणि ग्रुपचं ॲडमिनपद, म्हणजे आमच्याकडचं सगळं सैन्य, ते तेवढं 'ट्रान्झिशन होईपर्यंत' ठेवून घेतलं. आणि आमचे सिनेटर! एक हृदयाचे डॉक्टर, एक कुठल्याशा कंपनीचे डायरेक्टर, बाकीचे असेच. जेवायला बोलावलं की अमेरिकन लोकशाहीवर तासन् तास व्याख्यानं झोडतात, आणि त्या दिवशी 'तुमच्याशिवाय मंडळ चालणार कसं' म्हणत ओळीनं उभे. राजीनामा अर्थातच बारगळला. यांना कसली भीती? नोकरी जाणार नाही, व्हिसा जाणार नाही, मानेवर तलवार तर नाहीच नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात पुढची रांग मिळते, बस्स. रोमन लोक निदान आपापसातल्या लढायांनी थकले होते, घरटी माणसं गेली होती, म्हणून शांतता मिळेल त्या भावात घेतली. आम्ही श्रीखंड-पुरीवर विकले गेलो.

पण तुमच्याइतकं तुच्छ मी कुणालाच मानलं नाही, बाबा. आज लिहूनच टाकते. तुम्ही शिकवत होतात त्या शिक्षणसंस्थेची ती सभा. संस्थाचालकांना आजन्म अध्यक्ष करायचा ठराव. मी कॉलेजात, मागच्या खुर्चीवर. इस्त्रीचा बुशशर्ट घातलेले तुम्ही उठता आणि वर्गात धडा वाचावा तशा खणखणीत आवाजात म्हणता, "या ठरावाला मी अनुमोदन देतो." घरी आल्यावर मी विचारलं, नोकरीची भीती होती का? होती म्हणाला असतात तर मी तुम्हाला माफ केलं असतं. "भीती कसली?" म्हणालात आणि पेपर तपासायला बसलात. त्यानंतर मी तुमच्यापाशी रोमबद्दल अवाक्षर काढलं नाही. तुम्ही एकदा-दोनदा विषय काढलात, तर मी ताटावरून उठून गेले. तुम्ही गेलात तेव्हाही मला वाटत होतं, हा माणूस भित्रा होता आणि वर खोटारडा.

काल अध्यक्ष घरी आले. चहा झाला, मुलांची चौकशी झाली. मग म्हणाले, "ताई, अनुमोदन काय, कुणीही देईल हो. पण इतिहास वाचलेलं माणूस आपल्यात एकच आहे." मी म्हटलं, विचार करून कळवते. ते गेल्यावर माझी लेक, इथंच जन्मलेली, फोनमधून मान वर न करता म्हणाली, "आई, जस्ट से नो." खरंच इतकं सोपं होतं. मला अडवणारं कुणीच नव्हतं.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत ते एक बरंच आहे. मी आज सकाळी त्यांना फोन करून हो म्हटलंय. कपाट उघडून उद्या कुठली साडी नेसायची तेही बघून झालंय. भीती अजिबात नव्हती, बाबा. या गावात इतक्या वर्षांत मला काही कळतं असं पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं, आणि मला फार बरं वाटलं.