विहीणबाईंच्या वाट्याची पुस्तके

मी, चष्म्याच्या दुकानाची मालकीण, वय वर्षे बहात्तर, गुडघे सोडून बाकी शाबूत, कोणाच्याही दडपणाखाली न येता (माझ्यावर दडपण आणणारा अजून जन्माला यायचा आहे) हे मृत्युपत्र वकिलांकडून लिहून घेत आहे. याआधीचे रद्द समजावे. ते रागाच्या भरात केले होते.

१. दुकान, वरचे राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या एका मुलास मिळावी.

२. भिंगे घासण्याचे यंत्र दुकानातील कारागिरास द्यावे. त्याच्याशिवाय ते कोणाचेच ऐकत नाही.

३. धाकट्या दिरांनी नेलेला शब्दकोश त्यांच्याकडेच राहू द्यावा. मागून मागून माझी जीभ झिजली. त्यांनी तो एकदा तरी उघडावा, एवढीच अट.

४. माझी सर्व पुस्तके, कपाटांसह, माझ्या विहीणबाईंना द्यावीत.

येथे वकिलांनी पेन थांबवले. "मुलाचा घटस्फोट झालाय ना? मग विहीण कशा?" म्हणून खुलासा करते.

लग्नाची बोलणी करायला आल्या तेव्हा या बाई देण्याघेण्याचे सोडून माझ्या कपाटासमोर उभ्या राहिल्या. "वाचलीत, की नुसती मांडलीत?"

मी म्हटले, "वाचलीत. दुमडलेली पानं बघा."

"पानं दुमडता? मग मुलगी द्यावी की नाही, विचार करायला हवा!"

मुलगी दिली. मागोमाग पुस्तकेही येऊ-जाऊ लागली, प्रत्येकात एक चिठ्ठी. त्या लिहायच्या, "नायक मेंगळट आहे, पण सासू झकास." मी उलट लिहायची, "सासूचं बरं पटतं तुम्हाला!"

मुलांचे मात्र पटले नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही दोघी समोरासमोरच्या बाकांवर, परक्यासारख्या बसलो. निकाल लागला आणि त्या उठून माझ्यापाशी आल्या. पिशवीतून माझ्याकडून नेलेली कादंबरी काढली. मला वाटले, संपले सगळे. त्या म्हणाल्या, "शेवट मुळीच पटला नाही. भांडायचंय तुमच्याशी. फोन करू ना?"

मला रडू आवरेना. "कराच," म्हटले.

मुलगा कितीतरी दिवस फुरंगटून होता. "आई, तू नक्की कुणाच्या बाजूची?" त्याचेही चूक नव्हते. पण नाते जोडले मुलांनी, निभावले आम्ही. म्हणून कागदावर 'विहीण' असेच राहील.

५. ही पुस्तके टेम्पोवाल्याच्या हाती पाठवू नयेत. मुलाने स्वतः, एका वेळी एक पिशवी, दोन जिने चढून पोचवावीत. दार त्यांनी उघडो वा त्यांच्या लेकीने, नमस्कार करून आत जावे.

मसुदा वाचून तो म्हणाला, "आई, वर्षभर खेपा घालाव्या लागतील मला. मुद्दाम लिहिलंस ना?"

"हो."

त्याने कपाटातली चार पुस्तके काढून पिशवीत भरली. मग म्हणाला, "पहिली पिशवी तू असतानाच नेतो. नंतर माझ्याच्यानं तो जिना चढवणार नाही."

सबब पाचव्या कलमाची अंमलबजावणी माझ्या हयातीतच सुरू झाली आहे, याची सर्वांनी नोंद घ्यावी.

लिहून देणार : (सही) चष्मेवाली

साक्षीदार :
(सही) शेजारचे औषधविक्रेते
(सही) आमचे घरचे डॉक्टर, ज्यांनी मला पूर्ण शुद्धीवर पाहिले व हुज्जत घालतानाही ऐकले

स्थळ : दुकानामागची खोली
दिनांक : ५ जुलै २०१९