तुझ्या नावापुढच्या सह्या

खालापूर, शनिवार

प्रिय हमिदा,

नेरळ काही लांब नाही. सकाळी निघाले असते तर दुपारच्या आत तुझ्या दारात पोहोचले असते. पण तू 'ये गं' म्हणालीस की मला बोलता येणार नाही, म्हणून लिहिते आहे. दोन दिवस झाले, फोन वाजला की आधी नंबर बघते, मगच उचलते. काल शिपायाने नुसतं 'बाई, सरांनी बोलावलंय' म्हटलं, तर खडू हातातून पडला.

तू कॉलेज सोडलंस त्याला तीन वर्षं होतील. आपल्या एम.एड.चं नाव अजून गावागावांत निघतं. मागच्या महिन्यात लोधिवलीकडच्या एका शाळेत गेले होते. तिथल्या शाळा समितीतले धाकलूभाऊ म्हणाले, "तुमच्या कालेजातली बाई आली नि आमची पोरं वाचाया लागली. आजून एक द्या." मला मान वर करवेना. ती बाई तू घडवलेली. वाडीवरच्या मुलांना आधी त्यांच्या बोलीत वाचू द्यावं, हे तू सहा वर्षं वाड्या पालथ्या घालून मांडलंस, तालुक्याच्या शिक्षक-प्रशिक्षणात तेच घेतलं गेलं, आणि नाव कॉलेजचं झालं. त्याच कॉलेजात आता निम्मे विद्यार्थी फक्त परीक्षेला उगवतात. पहिल्यांदा तशांची हजेरी भरायला सांगितली तेव्हा तू भर स्टाफरूममध्ये म्हणालीस, "ज्याने वर्गात पाऊल ठेवलं नाही, त्याला मी शिक्षक म्हणणार नाही." आणि राजीनामा दिलास. मी तुझ्या शेजारीच बसले होते. वहीत बघत राहिले.

यंदा मान्यतेचं नूतनीकरण आहे आणि डॉक्टरेट असलेले प्राध्यापक कमी पडतात. म्हणून कागदावर तू अजून इथेच आहेस, हमिदा. तुझा राजीनामा पुढे गेलाच नाही. गेल्या आठवड्यात प्राचार्य राजेश सरांनी प्राध्यापकांच्या हजेरीचं मस्टर माझ्यासमोर ठेवलं. "तुमचं अक्षर त्यांच्यासारखंच आहे. मुलींच्या भवितव्याचा प्रश्न आहे, मॅडम." मुलींचं म्हटल्यावर मला वनिता दिसली. डोंगरावरच्या वाडीतून रोज उतरून येते, एक दिवस चुकत नाही. "बाई, मान्यता गेली तर आमी कुठं जायाचं?" असं तिने आदल्याच दिवशी विचारलं होतं. पण खरं सांगू? वनिता हे मी मागाहून शोधलेलं कारण. तेव्हा मी नुसती घाबरले होते. या वयात नोकरी गेली तर मला कोण दारात उभं करणार? वर्षभराच्या सह्या केल्या, तुझा 'ह' तू वळवतेस तसाच वळवून.

गुरुवारी मान्यतेची तपासणी समिती आली. त्यात एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी तुझं सगळं लिखाण वाचलेलं. मस्टरवर बोट ठेवून म्हणाल्या, "या हमिदाबाईंना मला भेटायचंच आहे. कुठे आहेत?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, रजेवर आहेत. त्यांनी कारण विचारलं, तेही मी सांगितलं. मग त्यांनी तुझा नंबर घेतला, सोमवारी फोन करते म्हणाल्या. किती आनंदाने म्हणाल्या! गाडी फाटकाबाहेर पडली तसे राजेश सर मला म्हणाले, "त्या तुमच्या मैत्रीण. सोमवारी त्यांनी इथेच शिकवते एवढं म्हणायचं. ते तुम्ही बघा."

आज सकाळी तेच पत्र लिहायला बसले होते. 'प्रिय हमिदा' लिहिलं, पुढे 'एक काम होतं' हे काही लिहवेना. शेवटी त्या समितीतल्या बाईंनाच ईमेल केली. सह्या माझ्या आहेत, हमिदाबाई तीन वर्षांपूर्वी राजीनामा देऊन गेल्या. नोकरी जाईल, की प्रकरण पोलिसांत जाईल, काही कळत नाही. वनिताला सांगायचं धाडस तर अजून झालेलं नाही. तुला तक्रार करायची असेल तर कर. मी आड येणार नाही.

हे सगळं तुला सोमवारी फोनवर कळलंच असतं. पत्र लिहिलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. त्या बाईंनी रजेचं कारण विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यांची आई फार आजारी आहे." अम्मींना जाऊन दीड वर्ष झालं. त्या दिवशी मी तुझ्या घरी बायकांत बसले होते, तुला धरून. ईमेलमध्ये बाकी सगळं लिहिलं, एवढं मात्र लिहवलं नाही. त्या बाई भल्या आहेत, ऐकून खूप हळहळल्या होत्या. सोमवारी त्या आधी आईचीच चौकशी करतील. तो प्रश्न तुझ्या कानावर अवचित पडू नये, म्हणून हे पत्र. भाची संजना उद्या नेरळला येते आहे, तिच्या हाती देते. तिला आत काय आहे ते माहीत नाही.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर तुझीच,
नंदा