यादीच्या मागची बाजू

३ तारीख, दुपार.
नणंदेने लायब्ररीतून पुस्तक आणून दिलं. एका पुढाऱ्याची आणि त्याच्या बायकोची प्रेमपत्रं. देवाधर्माखेरीज मी काही वाचत नाही. पण दोघं रोज प्रार्थना करत, असं प्रस्तावनेत आहे. म्हणजे हरकत नाही.

४, सकाळ.
अर्धं संपलं. मोर्चे, सभा, तुरुंग, आणि तरी आठवड्याला एक पत्र. आमचे हे बस डेपोत स्टोअरकीपर. ना मोर्चा, ना तुरुंग. वीस वर्षांत एक चिठ्ठी : 'किल्ली शेजारी दिली आहे.' तीही मी जपून ठेवली आहे.
संकल्प : यांच्याकडून एक तरी पत्र मिळवायचंच. पुढेमागे पुस्तक निघालं तर दोन्ही बाजूंची पत्रं लागतात. पत्रांसाठी चहाचा रिकामा डबा घासून ठेवला; किल्लीची चिठ्ठी आत टाकली.

५.
पहिलं पत्र लिहिलं. मॅट्रिकला निबंधात माझा पहिला नंबर होता. वेगळा कागद घेतला नाही. सामानाची यादी यांच्या जेवणाच्या डब्यातून जातेच, येताना हे दुकानातून सामान आणतात; तिच्याच मागे लिहिलं.
संध्याकाळी : सामानात यादीत नसलेला बिस्किटांचा पुडा. हे काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. पुढारीसुद्धा आडूनच बोलतो (पान ४१).

८.
दुसरं पत्र. 'तुमचं घोरणं थांबलं की मला जाग येते.' नणंद म्हणाली, वहिनी, याला कोण प्रेमपत्र म्हणेल? संध्याकाळी पुडा आला, क्रीमचा. तिच्यापुढे ठेवला. चार खाल्ली.

११.
तिसरं. 'केस गेल्यापासून तुमचं कपाळ तेजस्वी दिसतं.' दोन पुडे. नणंद म्हणते, बिस्किटं खाल्ली, पण पत्र कुठाय? तिला सांगितलं, काही माणसांना शब्द सुचत नाहीत. चहाच्या डब्यात अजून किल्लीची चिठ्ठीच.

१४.
यांना सर्दी. सामानाला मीच गेले. दुकानदारीणबाई हात पुसत बाहेर आल्या. म्हणाल्या, ताई, बिस्किटं पोचतात ना? माझ्याकडून हो ती. काय लिहिता तुम्ही! घोरण्याचं तर मी गिऱ्हाइकांना दोनदा वाचून दाखवलं.
गल्ल्यामागच्या तारेला माझ्या तिन्ही याद्या. सामानाची बाजू भिंतीकडे. रांगेतल्या टेलरने मला मान लववली.
म्हणजे पुस्तक न निघताच प्रसिद्धी झाली.
घरी येऊन यांना विचारलं, यादी कधी उलटून पाहता का? म्हणाले, मागे कशाला पाहू, सामान तर पुढे असतं.
रडले नाही. कांदा चिरायचा होताच.

१६, संध्याकाळ.
यांचा डबा घासायला घेतला तर आत कागद. यांचं अक्षर.
'सौ.स, दुकानात थांबून तिन्ही पत्रे वाचली व परत घेतली. सुस्थितीत आहेत. यापुढे यादी व पत्र वेगळ्या कागदांवर असावे. कपाळावरून टेलर चेष्टा करतो. घोरण्याचे माहीत नव्हते. — आपला.'
एवढ्याशा मजकुराला सबंध कोरा कागद. उधळपट्टी. घडी घालून चहाच्या डब्यात ठेवला.
आज पुडा नाही.
तासाभराने कागद पुन्हा काढला. मागची बाजू अगदी कोरी आहे. उद्याची यादी आरामात मावेल.
परत ठेवला. साखर संपली आहे, ती तोंडीच सांगेन.