मागचं वजन

शनिवार, संध्याकाळ

आईनं आजही अर्धी भाकरी काढून ठेवली.

गाडीची मागची सीट काढून तिची व्हीलचेअर चढेल अशी सोय मीच केली, जाडजूड लोखंडी रॅम्पसकट. गेल्या रविवारी उपासनेहून परतताना मागून कडकड आवाज यायला लागला. वाटेतच मिस्त्रीला दाखवली. गाडीखालूनच तो ओरडला, "शॉकॲब्सॉर्बर बसतो तिथला पत्रा फाटलाय. मागं वजन लई होतंय!" आई आत बसूनच होती.

आज त्यानं तिथं जाड प्लेट वेल्ड करून दिली. मुद्दाम खड्ड्यांतून नेऊन पाहिली, आवाज नाही. घरी येऊन आईला म्हटलं, "आता काळजी नाही." ती हळूच म्हणाली, "मी बी खानं कमी केलंय."

म्हणजे रविवारपासून? आणि मी समजत होतो, तोंडाला चव नसेल. किती वेळा सांगितलं, वजन त्या रॅम्पचं होतं गं, तुझं नाही. पटलं का तिला? मान तर हलवली.

मग जेवताना ती अर्धी भाकरी तिनं माझ्याच ताटात सरकवली. "र्‍हाऊ दे. उद्या उपासनेला जायचंय ना."