फाटकाबाहेरची वीस मिनिटं

दि. ४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
भोंगूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कान धरते. तुमच्या लेकीला पाच नंबरच्या मार्गाची बस मिळाली आहे. खोली आगाराच्या मागेच आहे. खिडकी उघडली की डिझेलचा वास येतो आणि मला घरी आल्यासारखं वाटतं. आईला सांगा, जेवण वेळेवर होतं. (हे निम्मं खोटं आहे, पण तुम्ही पूर्ण सांगा.)

तक्रार एकच. सकाळी गाडी काढायच्या आधी तपासणी करते. तुम्ही शिकवलंत तसा चाकाचा एकेक नट हातोडीने ठोकून ऐकते, मग टायर, तेल, दिवे, दारं. वीस मिनिटं जातात. पण पहारेकरी वेळ लिहितो ती गाडी फाटकाबाहेर पडल्याची, आणि पगार तिथून सुरू! विचारलं तर म्हणतात, पूर्वीपासून असंच आहे. बाबा, तुम्ही पंचवीस वर्षं याच कंपनीच्या गाड्या चालवल्यात, युनियनमध्येही होतात. तुमच्या वेळी कसं होतं? आम्ही नवे ड्रायव्हर मिळून अर्ज देणार आहोत. पहिली सही माझी.

लोभ आहेच, तो पत्रातून थोडा पाठवा.
तुमची भोंगू

दि. ११ फेब्रुवारी

चि. भोंगूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पाळण्यात तू रडायला लागलीस की शेजारी म्हणायचे, बस आली. आता खरीच बस आणलीस. आईने पत्र स्वतःच वाचलं, त्यामुळे जेवणाचं तुझं तू बघ.

माझे गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. आईची औषधं चालू आहेत. गच्चीवरची टाकी गळत होती, ती मी दुरुस्त केली. आता जास्त गळते.

अर्जाचं मात्र डोक्यातून काढून टाक. कायम व्हायला तुला दोन महिने उरलेत. तोवर मान खाली घालून गाडी चालव. वीस मिनिटांचं काय घेऊन बसलीस? एकदा कायम झालीस की काय हवं ते बोल.

जपून राहा, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझे बाबा

दि. १९ फेब्रुवारी

ती. बाबांस,
नमस्कार.

अर्ज दिला. मॅनेजरने मला एकटीला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला. मग कपाटातून जुनी फाइल काढून करार पुढे ठेवला. फाटकाबाहेर पडेपर्यंतचा वेळ कामात धरला जाणार नाही, असा. खाली कामगारांच्या वतीने पाच सह्या. तिसऱ्या सहीला लांबलचक शेपूट होतं. माझ्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी तेच शेपूट असायचं.

मॅनेजर हसून म्हणाला, बाहेर भांडण्याआधी घरी विचारा. मी चहा तसाच ठेवून उठले. बाकीचे ड्रायव्हर दाराशी उभे होते, त्यांना टाळून मी सरळ गाडीकडे गेले.

तुम्हाला सरळ विचारलं होतं आणि तुम्ही मला टाकीचं सांगितलंत. मला फार राग आला आहे.

आईला नमस्कार.
भोंगू

दि. २४ फेब्रुवारी

चि. भोंगूस,
अनेक आशीर्वाद.

नमस्कारातलं साष्टांग कापलंस, ते पोचलं. बरोबर केलंस.

सही माझीच. तू तेव्हा चार वर्षांची होतीस. आईच्या पोटात गाठ निघाली होती आणि ऑपरेशन आपल्या आवाक्याबाहेरचं होतं. कंपनी म्हणाली, तपासणीचा वेळ सोडा, सगळ्यांच्या कुटुंबांना दवाखाना फुकट देतो. आम्ही पाचजण आत गेलो. वीस मिनिटं काय, मी दोन तास सोडले असते. त्या सहीचा मला पश्चात्ताप नाही, आजही नाही. स्वयंपाकघरात भांडी आपटणारी तुझी आई त्या सहीने मिळाली आहे.

मग लाज कशाची वाटते, ते ऐक. माझी वीस मिनिटं माझी होती, ती मी दिली. पुढे येणाऱ्यांची द्यायचा मला काय अधिकार होता? नव्याने लागणाऱ्यांचा फुकट दवाखाना कंपनीने बंद केला तेव्हा मी निवृत्त होऊन घरी बसलो होतो. दवाखाना गेला, वीस मिनिटं त्यांच्याकडेच राहिली. मला कळलं होतं आणि मी गप्प बसलो. हे सगळ्या ड्रायव्हरांना वाचून दाखव. माझ्या नावासकट.

आणि आता मान वर कर. करार शब्दन् शब्द मला पाठ आहे. फाटकाच्या आतल्या वेळाचा पगार नाही, एवढंच त्यात आहे. तपासणी आतच केली पाहिजे, असं एका ओळीतही लिहिलेलं नाही. ब्रेक मात्र आतच बघा, ते फुकट गेलं तरी चालेल.

माझी हातोडी पार्सलने पाठवली आहे. राग असू दे, पण पत्र पाठवत जा.
तुझे बाबा

ता. क. : मी आई लिहिते आहे. ऑपरेशनच्या बदल्यात काय दिलं ते मलाही आजच कळलं. दोन दिवस यांच्याशी बोलणार नाही. तू मात्र सोडू नकोस त्या कंपनीवाल्यांना.

दि. २० मार्च

ती. बाबांस,
भोंगूचा शिरसाष्टांग नमस्कार. पूर्ण लिहिला आहे, मोजून घ्या.

तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवलं. तुमचं नाव गाळलं नाही. सगळ्यात म्हातारा मेकॅनिक म्हणाला की आईचं ऑपरेशन झालं तेव्हा रक्त द्यायला तो गेला होता. मग सगळ्यांनी तुमचं करारावरचं वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं.

मागच्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी ब्रेक बघून एकोणीस गाड्या फाटकाबाहेर काढल्या आणि रस्त्याच्या कडेला रांगेने उभ्या केल्या. पहारेकऱ्याने वेळ लिहिली. मग आम्ही खाली उतरलो आणि हातोड्या घेतल्या. एकोणीस गाड्यांचे नट एकदम वाजायला लागले तेव्हा समोरच्या इमारतीतले लोक खिडक्यांत आले. मॅनेजर धावत आला, गाड्या हलवा म्हणाला. मी चाकाशी बसूनच सांगितलं की तपासणी चालू आहे. थांब्यावरचे प्रवासी खवळले, पण एका बाईंनी कारण विचारलं आणि मग त्या मॅनेजरवरच खवळल्या. सात नंबरच्या गाडीचे दोन नट खरंच सैल निघाले. ते मी मॅनेजरला हात लावून बघायला लावले.

अकरा दिवस हे चाललं. काल नवा करार झाला: कामावर आल्याची नोंद केली की पगार सुरू. दवाखान्याचं अजून मिळालेलं नाही, ते आता पुढचं भांडण. माझं कायम होणं सहा महिने पुढे ढकललंय, वर्तणूक म्हणे! ढकलू देत. मी कुठे जात नाही.

सह्या करायच्या आधी मी एक ओळ घालायला लावली: हा वेळ पुढच्या कुठल्याही कामगाराच्या वतीने, कशाच्याही बदल्यात, कुणालाही सोडून देता येणार नाही. मॅनेजरने विचारलं की याची काय गरज. मी म्हटलं, आमच्या घरचा मामला आहे.

तिसरी सही माझी आहे. तिलाही शेपूट आलंय, तुमच्यासारखंच. मी खोडलं नाही.

आईला म्हणावं, दोन दिवस कधीच संपले, आता बोल बाबांशी. माया आहे तेवढी राहू द्या, आणि हातोडी परत मागू नका.
तुमची भोंगू